पहिल्या वॉर्ड पोस्टिंगआधी औषधांचं काय वाचू? जीएनएमच्या मुलीला सविस्तर उत्तर

तुझा प्रश्न परवाच वाचला, उत्तराला दोन दिवस लागले कारण माझ्या नाईट चालू आहेत आणि हा विषय घाईत लिहायचा नाही. जीएनएम, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाच्या सेकंड इयरला आहेस, कल्याणहून येतेस, सोमवारपासून मुंबईतल्या मोठ्या हॉस्पिटलच्या मेडिसिन वॉर्डला पोस्टिंग आहे, फार्माकॉलॉजीचं पुस्तक उघडलं की सगळी नावं एकसारखीच वाटायला लागतात, गणित पहिल्यापासून कच्चं, आणि पाच राइट्स (बरोबर पेशंट, औषध, डोस, मार्ग, वेळ) तोंडपाठ असूनही माझ्या हातून चुकीचं औषध गेलं तर काय, असं विचारलंयस. मी या शहरात २६ वर्षं सिस्टर आहे, मेडिसिन, पेडियाट्रिक, आयसीयू सगळीकडे काम केलंय, आता वॉर्ड सांभाळते आणि दरवर्षी तुझ्यासारख्या मुलींना बरोबर घेऊन औषधं देते. तुला भीती वाटतेय ना, ती वाटू दे. ज्या मुलीला पहिल्या आठवड्यात औषधाची भीती वाटत नाही तिच्याकडे मी जास्त लक्ष ठेवते.

आधी त्या पाठांतराचं बघू. नावं एकेक करून पाठ करू नकोस, शेपटीवरून घराणं ओळखायला शिक. शेवटी प्रिल आलं, रॅमिप्रिल, एनालाप्रिल, म्हणजे बीपीची गोळी, कोरडा खोकला लागू शकतो, पोटॅशियम वाढू शकतं. शेवटी ओलॉल आलं, मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉल, तर गोळी हातात घ्यायच्या आधी पल्स आणि बीपी बघायचं, आणि पेशंटला दमा आहे का ते विचारायचं. प्राझोल आलं की ॲसिडिटीची, जेवणाआधी. सार्टन, स्टॅटिन, फ्लॉक्सासिन, सुरुवातीला सेफ, असं एकेक घराणं घे आणि प्रत्येकाचं 'देण्याआधी काय बघायचं' एवढं एकच वाक्य वहीत लिही. रोजच्या वापरातली पंचवीस-तीस औषधं अशी झाली की निम्मा वॉर्ड सुटतो, बाकीची समोर येतील तशी वाचायची, आजही मला माहीत नसलेलं औषध आलं की मी आधी बॉक्समधला कागद उघडते आणि मगच व्हायल (औषधाची छोटी बाटली) फोडते.

खरं सांगायचं तर औषध देणं हे वाचायचं काम आहे. सुई टोचणं आठ-दहा दिवसांत हाताला येतं, सगळ्यांना येतं, पण लेबल वाचायची सवय पहिल्या महिन्यात नाही लागली तर पुढे लावणं फार कठीण जातं. तीनदा वाचायचं. कपाटातून किंवा ट्रॉलीतून काढताना एकदा, सिरिंजमध्ये भरताना किंवा गोळी कपात टाकताना एकदा, आणि पेशंटच्या उशाशी, द्यायच्या आधी, ट्रीटमेंट शीट शेजारी धरून एकदा. तीनही वेळा नाव, स्ट्रेंग्थ, एक्सपायरी. रंग बघून, बॉक्सचा आकार बघून, 'रोज इथेच ठेवलेलं असतं' म्हणून काही उचलायचं नाही, कारण कंपनी बदलली की रंग बदलतो आणि तशीच दिसणारी ॲम्प्यूल (औषधाची बंद काचेची कुपी) दुसऱ्याच औषधाची निघते. डोपामिन आणि डोब्युटामिन, कार्बामाझेपिन आणि कार्बिमाझोल, घाईत वाचलं तर एकच वाटतात, आणि कामं वेगळी, कार्बामाझेपिन फिट्सचं आणि कार्बिमाझोल थायरॉइडचं.

वाचणं का म्हणते ते माझ्याच गोष्टीवरून सांगते. मी स्टुडंट होते, सकाळची ड्युटी, एका मावशींना २० युनिट इन्सुलिन लिहिलेलं. फ्रीजमधून व्हायल काढली, नाव बरोबर, एक्सपायरी बरोबर, ट्रेमधली इन्सुलिन सिरिंज घेतली, २० च्या रेघेपर्यंत भरली, आणि निघाले. स्टाफ सिस्टरनी वाटेत हात धरला आणि म्हणाल्या, टोपणाचा रंग बघ. टोपण केशरी होतं. केशरी टोपण म्हणजे यू-१०० ची सिरिंज, लाल टोपण म्हणजे यू-४० ची, आणि माझ्या हातातली व्हायल होती यू-४०, म्हणजे एका एमएलमध्ये ४० युनिट. यू-१०० च्या सिरिंजवर २० ची रेघ म्हणजे ०.२ एमएल, आणि यू-४० इन्सुलिनच्या ०.२ एमएलमध्ये फक्त ८ युनिट असतात. मावशींना २० ऐवजी ८ गेलं असतं, दिवसभर शुगर चढलेली राहिली असती आणि डॉक्टरांनी कदाचित डोस वाढवला असता. पण उलटं झालं असतं तर, म्हणजे व्हायल यू-१०० ची आणि सिरिंज लाल टोपणाची, तर २० ची रेघ म्हणजे अर्धा एमएल, म्हणजे ५० युनिट. त्यात माणूस जाऊ शकतो. आपल्याकडे अजून दोन्ही प्रकार चालतात, साध्या व्हायल बऱ्याचदा यू-४०, पेनच्या कार्ट्रिज यू-१००, ग्लार्जिनच्या व्हायलही यू-१०० येतात, म्हणून व्हायलवर आयू पर एमएल किती लिहिलंय ते बोट ठेवून वाच आणि सिरिंजवरचा आकडा त्याच्याशी जुळव. आणि इन्सुलिन कधीही एकटीने द्यायचं नाही, भरलेली सिरिंज आणि व्हायल दोन्ही स्टाफला दाखवायची, मग द्यायचं.

इन्सुलिनचं अजून एक, हे पुस्तकात एका ओळीत असतं पण वॉर्डात यावरूनच गडबड होते. साधं रेग्युलर किंवा मिक्स्टार्ड (मिश्र इन्सुलिन) नाश्त्याच्या अर्धा तास आधी देतात. मग देण्याआधी विचारायचं, नाश्ता आला का, येणार आहे का, आणि पेशंटला आज सोनोग्राफीसाठी उपाशी तर ठेवलेलं नाही ना. इन्सुलिन टोचलं, वॉर्डबॉय मामा व्हीलचेअर घेऊन आले, पेशंट उपाशीपोटी सोनोग्राफीच्या लाइनीत दीड तास बसला, घाम फुटला, हात थरथरायला लागले, असं मी एकदा नाही तीन-चारदा बघितलंय. शुगर ७० च्या खाली आणि पेशंट शुद्धीवर असेल तर लगेच तीन चमचे साखर पाण्यातून, पंधरा मिनिटांनी परत शुगर. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, हाक मारायची, २५ टक्के डेक्स्ट्रोज शिरेतून लागतं. गढूळ इन्सुलिन जोरात हलवायचं नाही, तळहातात घोळवायचं.

आता पेशंट ओळखणं. पाच राइट्समधला पहिला राइट सगळ्या मुली धडाधड म्हणतात आणि वॉर्डात सगळ्यात आधी तोच विसरतात. पावसाळ्यात आमचा मेडिसिन वॉर्ड कसा असतो ते तू येऊन बघशीलच, मलेरिया, डेंग्यू, लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस), कॉटच्या मधल्या जागेतही गाद्या टाकलेल्या, आणि ९ नंबरवरचा पेशंट रात्रीत १४ वर गेलेला. म्हणून बेड नंबरवर औषध द्यायचंच नाही. एकदा माझ्या वॉर्डात एका वेळी तीन जाधव होते, त्यातले दोघे शेजारी-शेजारी. सकाळी सहाला तू झोपेतल्या माणसाला हलवून "काका, तुम्ही जाधव ना?" विचारलंस तर तो हो म्हणणार, पाटील असला तरी हो म्हणणार, कारण तो झोपेत आहे, आजारी आहे आणि सिस्टर काहीतरी विचारतायत म्हणजे हो म्हणायचं असतं. त्यामुळे प्रश्न असा विचार, "काका, तुमचं पूर्ण नाव सांगा." मग हाताच्या बँडवरचं नाव आणि आयपीडी नंबर केस पेपरशी जुळव. पेशंट बेशुद्ध असेल तर बँड, बँड नसेल तर नातेवाईक आणि केस पेपर दोन्ही, आणि बँड आधी बांधून घे. पेशंट म्हणाला "सिस्टर, रोज तर पांढरी गोळी असते, आज पिवळी का?" तर त्याला गप्प करू नकोस. तिथेच थांब, शीट परत बघ. दहातले नऊ वेळा ब्रँड बदललेला असतो, पण दहाव्या वेळी तो माणूस तुला चुकण्यापासून वाचवत असतो.

ऑर्डर वाचताना अक्षराचा अंदाज बांधायचा नाही. ओडी दिवसातून एकदा, बीडी दोनदा, टीडीएस तीनदा, एचएस झोपताना, एसओएस गरज लागली तर, स्टॅट म्हणजे आत्ता लगेच, हे तुला येतंच असेल. यातलं ओडी डोळ्यांच्या वॉर्डात उजव्या डोळ्यासाठीही लिहितात, तिथे पोस्टिंग लागली की लक्षात ठेव. युनिटसाठी नुसता इंग्रजी यू लिहिला की तो शून्यासारखा दिसतो आणि ४ चे ४० होतात, म्हणून युनिट शब्द पूर्ण लिहायचा. १.० असं लिहायचं नाही, टिंब दिसलं नाही तर १० होतात, आणि अर्धा लिहायचा तर ०.५ असाच, शून्य आधी लावून. मेथोट्रेक्सेट हे संधिवाताला आठवड्यातून एकदाच देतात, रोज दिलं तर जीवावर बेततं, ते शीटवर रोजच्या रकान्यात दिसलं तर देऊ नकोस, विचार. अक्षर लागत नसेल तर हाऊसमनला, म्हणजे वॉर्डच्या ज्युनिअर डॉक्टरला, जाऊन विचारायचं, ते वैतागले तरी चालेल. वैतागलेला डॉक्टर अर्ध्या तासात विसरतो. आणि स्टुडंट म्हणून फोनवरची ऑर्डर तू घ्यायचीच नाहीस, फोन स्टाफच्या हातात दे.

गणिताबद्दल तू फार घाबरलीयस असं वाटतंय, पण वॉर्डातलं गणित चौथीच्या त्रैराशिकापुढे जात नाही. पाहिजे किती, आहे किती, कितीमध्ये आहे, एवढंच. लहान मुलांचं पॅरासिटामॉल घे, कारण यात आया घरी चुकतात आणि वॉर्डात मुलीही चुकतात. डोस साधारण किलोला १५ मिलिग्रॅम, बाळ १० किलोचं, म्हणजे १५० मिलिग्रॅम. आता हातात बाटली कुठली आहे त्यावर सगळं आहे. ५ एमएलमध्ये १२० वाली असेल तर सव्वासहा एमएल होतात. ५ एमएलमध्ये २५० वाली असेल तर तेच ३ एमएल. आणि छोट्या बाळांचे ड्रॉप्स असतात त्यात एका एमएललाच १०० मिलिग्रॅम, म्हणजे दीड एमएल. बघ, औषध तेच, बाळ तेच, आणि सव्वासहा, तीन आणि दीड. कोणी 'एक चमचा पॅरासिटामॉल दे' म्हटलं तर पहिला प्रश्न हा, की कुठल्या बाटलीतला. ड्रॉप्सचा चमचाभर म्हणजे ५०० मिलिग्रॅम त्या बाळाच्या पोटात. डिस्चार्जच्या वेळी आईला बाटलीबरोबरचा ड्रॉपर किंवा सिरिंज हातात देऊन, रेघेवर पेनाने खूण करून दाखव, नुसतं तोंडी सांगून घरी जाईपर्यंत काही राहत नाही.

ड्रिपचं गणित तसंच. मॅक्रो सेटमध्ये एक एमएल म्हणजे २० थेंब, पण सेटच्या पाकिटावर लिहिलेलं असतं ते बघायचं, काही १५ चे येतात. मायक्रोमध्ये ६० थेंब. ५०० एमएल सलाईन ८ तासांत द्यायचं तर ५०० गुणिले २०, भागिले ४८० मिनिटं, म्हणजे मिनिटाला २१ थेंब. मायक्रो सेटची गंमत अशी की तासाला जितके एमएल तितकेच मिनिटाला थेंब, गणितच करावं लागत नाही. थेंब पूर्ण एक मिनिट घड्याळ धरून मोजायचे, आणि पेशंट कुशीवर वळला, हात वाकवला की वेग बदलतो, म्हणून तासाभराने परत मोजायचे.

आता मेडिसिन वॉर्डात पावसाळ्यात तुला हमखास दिसेल ते आर्टेसुनेट, मलेरियाचं. ६० मिलिग्रॅमची पावडर असते, बरोबर १ एमएल सोडा बायकार्ब येतो, तो पावडरमध्ये घालून पूर्ण स्वच्छ होईपर्यंत हलवायचं, मग ५ एमएल नॉर्मल सलाईन, म्हणजे झाले ६ एमएल, एका एमएलला १० मिलिग्रॅम. मोठ्या माणसाला किलोला २.४, म्हणजे ५० किलोच्या माणसाला १२० मिलिग्रॅम, दोन व्हायल, १२ एमएल. तयार केलं की लगेच द्यायचं, ठेवून द्यायचं नाही. पहिला डोस, मग १२ तासांनी, मग २४ तासांनी, आणि इथे वेळ म्हणजे वेळ, 'ड्युटी बदलली म्हणून राहिलं' हे चालत नाही. लेप्टोच्या पेशंटला क्रिस्टलाइन पेनिसिलिन १५ लाख युनिट सहा तासांनी लिहितात, त्यात आकडे लाखात असतात, शून्य मोजून घे.

शिरेतून देतानाचं थोडं जास्त लिहिते कारण तिथे चूक परत घेता येत नाही. गोळी चुकली तर वेळ मिळतो, शिरेत गेलेलं गेलं. आधी कॅन्युलाची (शिरेत बसवलेल्या नळीची) जागा बघ, सूज, लाली, दुखणं आहे का. ५ एमएल सलाईनने फ्लश कर, सहज गेलं तरच औषध, आणि दोन औषधांच्या मधे परत फ्लश. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन आरएलमधून (रिंगर लॅक्टेट सलाईन) किंवा आरएल चालू असताना त्याच लाइनमधून द्यायचं नाही, आरएलमध्ये कॅल्शियम असतं आणि त्याचे खडे बनतात, नवजात बाळात तर हे जीवघेणं. फेनिटॉइन फक्त नॉर्मल सलाईनमध्ये, डेक्स्ट्रोजमध्ये घातलं की नळीत दुधासारखं फुटतं, आणि मोठ्या माणसालाही मिनिटाला ५० मिलिग्रॅमच्या वर नाही, सोबत मॉनिटर. व्हॅन्कोमायसिन कमीत कमी एक तास, घाईत सोडलं तर चेहरा-मान लालबुंद होते, खाज सुटते, बीपी पडतं. लॅसिक्स (लघवी वाढवणारं औषध) सावकाश, जोरात दिलं तर कानावर परिणाम होतो. पुश म्हटलं म्हणजे अंगठा दाबून मोकळं व्हायचं असं नसतं, घड्याळ बघत द्यायचं असतं.

आणि पोटॅशियम क्लोराइड, म्हणजे केसीएल. हे नाव मी प्रत्येक बॅचला पहिल्या दिवशी फळ्यावर लिहिते. १० एमएलची ॲम्प्यूल, दिसायला डिस्टिल्ड वॉटरसारखीच पारदर्शक, आत २० मिलिइक्विव्हॅलंट. ती थेट शिरेत गेली की हृदय थांबतं. म्हणून केसीएल कधीही पुश नाही, कोणी कितीही मोठ्या आवाजात सांगितलं तरी नाही. बाटलीत मिसळून, साध्या वॉर्डात तासाला साधारण १० मिलिइक्विव्हॅलंटच्या वर नाही, लघवी होतेय ना ते बघून. आणि मिसळताना टांगलेल्या चालू बाटलीत घालायचं नाही. केसीएल जड असतं, खाली तळाशी, नळीच्या तोंडाशी साचतं, आणि पहिल्या काही मिनिटांत पेशंटला सगळं पोटॅशियम एकदम जातं. बाटली खाली काढायची, घालायचं, पाच-सहा वेळा उलटीसुलटी करायची, वर लेबल लावायचं, काय घातलं, किती, किती वाजता, कोणी, आणि मग टांगायची. ज्या वॉर्डात केसीएल वेगळ्या कप्प्यात लाल स्टिकर लावून ठेवतात तिथे ती शिस्त मोडू नकोस, आणि जिथे ठेवत नाहीत तिथे इन्चार्ज सिस्टरना विचार की वेगळं ठेवू का. स्टुडंट आहेस म्हणून हे विचारायचं नाही असं काही नाही.

सिरिंजवर लेबल हा माझा फार जिव्हाळ्याचा विषय आहे. किडनी ट्रेमध्ये चार सिरिंज, चारही पारदर्शक, एकात पॅन्टोप्राझोल, एकात ऑन्डॅनसेट्रॉन, एकात सलाईन, चौथ्यात काय ते भरणारीलाच माहीत आणि तिला तेवढ्यात एक्स-रेला पाठवलं. अशा वेळी चौथी सिरिंज फेकायची, विचार करायचा नाही. भरलं की लगेच पट्टी लावून नाव आणि डोस लिही. दुसऱ्याने भरलेलं तू द्यायचं नाही, तू भरलेलं दुसऱ्याला द्यायला लावायचं नाही. आणि शीटवर सही औषध दिल्यानंतर करायची, आधी नाही. काही जणी ओव्हरच्या (पुढच्या ड्युटीला माहिती सोपवायच्या) आधी सगळ्या सह्या उरकून टाकतात आणि मग औषधं देतात, त्यात एखादा पेशंट उलटी करतो, एखादा नको म्हणतो, आणि शीटवर मात्र दिलं म्हणून लिहिलेलं. पेशंट नको म्हणाला तर तो त्याचा हक्क आहे, कारण विचार, समजाव, तरी नको म्हणाला तर तसं लिही आणि डॉक्टरांना सांग.

गोळ्यांचं थोडक्यात. एसआर, एक्सएल, सीआर असं लिहिलेली (हळूहळू सुटणारी) किंवा एंटरिक कोटेड (पोटात न विरघळणारं आवरण असलेली) गोळी कुटायची नाही, राइल्स ट्यूबवाल्या (नाकातून पोटात नळी असलेल्या) पेशंटला लिहिली असेल तर डॉक्टरांना सांगून बदलून घ्यायची, कुटली की बारा तासांचं औषध एकदम जातं. सॉर्बिट्रेट (छातीत दुखण्यावरची गोळी) जिभेखाली, गिळायची नाही, आणि आधी बीपी. डिगॉक्सिन या हृदयाच्या औषधाच्या आधी स्टेथोने पूर्ण एक मिनिट एपेक्स (छातीवरचे हृदयाचे ठोके) मोजायचा, ६० च्या खाली तर थांबायचं आणि कळवायचं. डॉक्सीसायक्लिन, जे पुराच्या पाण्यातून चालून आलेल्या लोकांना लेप्टोसाठी महापालिकेचे दवाखाने देतात, ते काहीतरी खाऊन, ग्लासभर पाण्याबरोबर, बसून घ्यायचं, आणि अर्धा तास आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेत अडकून जखम होते. लोहाची गोळी चहाबरोबर नाही, आणि आपल्याकडे पेशंटच्या हातात सकाळी चहाच असतो, म्हणून तास-दोन तास अंतर ठेवायला सांग. टीबीची औषधं चालू झाली की रिफॅम्पिसिनने लघवी लालसर केशरी होते हे आधीच सांग. हे एक वाक्य कोणी सांगितलं नाही म्हणून रक्त जातंय समजून औषध बंद केलेले पेशंट मी बघितलेत, आणि टीबीमध्ये मधेच बंद करण्याची किंमत मुंबईत आपण सगळेच मोजतोय. गोळी पेशंटच्या टेबलावर ठेवून निघून यायचं नाही, गिळेपर्यंत उभं राहायचं.

मॉर्फिन, फेंटानिल अशी तीव्र वेदनांवरची औषधं १९८५ च्या एनडीपीएस (अमली पदार्थ) कायद्याखाली येतात, दुहेरी कुलपात असतात, रिकामी ॲम्प्यूल मोजून परत द्यावी लागते, उरलेलं दुसऱ्या सिस्टरसमोर टाकून दोघींच्या सह्या. तू फक्त बघ, आणि मॉर्फिनआधी श्वास मोजायला शिक, मिनिटाला १२ च्या खाली असेल तर देत नाहीत. इंजेक्शनच्या जागा तुला स्किल लॅबमध्ये शिकवल्याच असतील, मी एवढंच सांगते की हेपॅरिन किंवा एनॉक्सापॅरिन (रक्ताची गुठळी रोखणारी इंजेक्शनं) पोटावर, बेंबीपासून चार-पाच सेंटिमीटर लांब, आणि नंतर चोळायचं नाही. सुईला टोपण परत लावायचं नाही, सुया पांढऱ्या डब्यात, काचेच्या व्हायल निळ्यात, नळ्या लाल पिशवीत.

रिॲक्शनची तयारी औषध द्यायच्या आधी. पेनिसिलिन किंवा कुठलंही इंजेक्शनचं अँटिबायोटिक देताना आधी ॲलर्जी विचार, केस पेपरवर लाल अक्षरात लिहिलंय का बघ. टेस्ट डोस निगेटिव्ह आला तरी रिॲक्शन येऊ शकते, म्हणून पहिल्या डोसनंतर पंधरा-वीस मिनिटं पेशंटच्या आसपास राहा. अंगावर गांधी उठल्या, आवाज बसला, श्वास घरघरला, तर औषध बंद कर, कॅन्युला काढू नकोस, ती लागणार आहे, आणि तिथूनच मोठ्याने हाक मार. मोठ्या माणसाला ॲड्रेनलिन अर्धा एमएल, एका एमएलला एक मिलिग्रॅमवालं, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत जातं, आणि ते कुठल्या कप्प्यात आहे हे पहिल्या दिवशीच इमर्जन्सी ट्रॉली उघडून बघून ठेव. नंतर सगळं निवळल्यावर रिॲक्शनचा रिपोर्ट होतो का ते बघ, भारतात फार्माकोव्हिजिलन्सचा (औषधांच्या दुष्परिणामांवर लक्ष ठेवण्याचा) कार्यक्रम २०१० पासून आहे आणि सिस्टरही रिपोर्ट करू शकते, टोल फ्री नंबर १८००-१८०-३०२४.

आता तुझा खरा प्रश्न, चुकलं तर. चुकलं तर पहिल्या मिनिटाला सांगायचं. पेशंट बघ, नाडी, बीपी, श्वास, शुगर जे लागू असेल ते, आणि लगेच स्टाफला आणि डॉक्टरांना, "मी अमुक ऐवजी तमुक दिलंय, इतकं, इतक्या वाजता." एवढंच वाक्य. रडायला नंतर वेळ आहे. चुकीच्या औषधाने जेवढे पेशंट बिघडतात त्यापेक्षा ते तासभर लपवल्याने जास्त बिघडतात, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. ओरडा बसेल, काही ठिकाणी अजूनही फार बसतो आणि ते मला मान्य नाही. २०१७ मध्ये डब्ल्यूएचओने 'मेडिकेशन विदाउट हार्म' मोहीम काढली तेव्हापासून सगळीकडे हेच सांगतात की चूक बहुतेक वेळा एका माणसाची नसते, सारख्या दिसणाऱ्या ॲम्प्यूल, एका सिस्टरमागे चाळीस पेशंट, आयसीयूतून वॉर्डात येताना अर्धवट राहिलेला ओव्हर, यातून ती घडते. म्हणून चूक लपवली की पुढच्या मुलीच्या हातूनही तीच होते. माझ्या वॉर्डात जी मुलगी स्वतःहून येऊन सांगते तिला मी आधी खुर्चीवर बसवते, पाणी देते, मग आम्ही दोघी पेशंटकडे जातो.

सोमवारी खिशात छोटी वही, निळा आणि लाल पेन, सेकंद काटा असलेलं घड्याळ, आणि कात्री असू दे. पहिला आठवडा एकही औषध एकटीने देऊ नकोस, स्टाफ म्हणाली 'जा देऊन ये' तरी म्हण, सिस्टर, एकदा माझ्याबरोबर बघता का. आणि जायच्या आधी ही दोन गणितं सोडव. १२ किलोचं बाळ, पॅरासिटामॉल किलोला १५ मिलिग्रॅम, हातात ५ एमएलला २५० वाली बाटली. दुसरं, एक लिटर नॉर्मल सलाईन दहा तासांत, २० थेंबांचा सेट. पहिल्याचं ३.६ एमएल आणि दुसऱ्याचं मिनिटाला ३३ थेंब यायला पाहिजे. नाही आलं तर कुठल्या पायरीवर अडलीस ते लिहून पाठव, माझी नाईट शुक्रवारी संपते, शनिवारी बघते.